जाळी कोणी काढायची

३ फेब्रुवारी, मंगळवार

महासंघाच्या कचेरीत खिडकीशी जे पेन बांधून ठेवलंय, त्याची सुतळी जेमतेम वीतभर आहे. जगात याहून मोठे अन्याय चालू आहेत हे मला ठाऊक आहे. तरीही आजची पहिली नोंद सुतळीचीच. वीतभर सुतळीने ताठ उभ्या माणसाला सही करता येत नाही. कंबरेत वाकावं लागतं, मान तिरपी करावी लागते आणि काचेपलीकडचा कारकून बसल्या जागी आपोआप मोठा होतो. हे चुकून झालेलं नाही. कोणीतरी बैठक बोलावून, ठराव मांडून, त्याला अनुमोदन घेऊन ती सुतळी कापलेली आहे.

माझ्या खिशात माझं पेन होतं. ताठ उभं राहून मी त्याने सही केली. कारकून म्हणाला, "निळी शाई चालत नाही."

वाकलो.

आणला काय, तर आमच्या क्लबला महासंघाशी संलग्न करून घेण्याचा अर्ज. आमचा क्लब म्हणजे बेकरीच्या वरची एक खोली, तिच्यात टेबल टेनिसचं एक टेबल, दोन बाकं, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि खालून वर यायला अडतीस पायऱ्या. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, वीस वर्षांपूर्वी तो काढला. टेबल वर चढवताना सत्ताविसाव्या पायरीवर निसटलं आणि एक कोपरा तुटला. क्लबमधली सगळी भांडणं आजवर त्याच कोपऱ्यावर झालीत. पण खेळायला आम्ही कोणाच्या बापाची परवानगी काढली नव्हती. यंदा फर्मान निघालं की स्पर्धेत फक्त संलग्न क्लबांचे खेळाडू उतरतील.

आणि वहिनींना उतरायचंय.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादाला जाऊन तीन वर्षं होतील. तो गेल्यावर दोन महिन्यांनी त्या अडतीस पायऱ्या चढून आल्या. पिशवीत दादाची बॅट होती. आज पंचेचाळिशीपुढच्या बायकांत त्यांच्यासमोर उभं राहील असं आसपास कोणी नाही. शाळांचे गणवेश शिवून शिवून उजवा खांदा मात्र गेलाय. डॉक्टर म्हणाले, हा मोसम खेळून घ्या, पुढच्याचं मी बोलत नाही.


५ फेब्रुवारी, गुरुवार

क्लबची सभा झाली. संलग्न व्हायचं की नाही? एकूण एक माणूस हजर होता. एकोणीस विरुद्ध एक मतांनी ठराव मंजूर. तो एक मी.

मी महासंघाची पुस्तिका वाचून दाखवली होती. शुल्क माणशी. त्याबदल्यात मिळणारे लाभ असे: अपघात विमा, पण अपघात मान्यताप्राप्त सभागृहात झाला तर. मान्यताप्राप्त दुकानात चेंडूंवर दहा टक्के सवलत. त्या दुकानात चेंडू आमच्या नाक्यावरच्या दुकानापेक्षा पंधरा टक्क्यांनी महाग आहेत. एक त्रैमासिक, ज्याच्या प्रत्येक पानावर अध्यक्ष कोणाला तरी हार घालताहेत किंवा कोणीतरी त्यांना घालतंय. एक प्रमाणपत्र, चौकट आपली आपण करायची. आणि वार्षिक सभेत एक मत, जी सभा बुधवारी सकाळी अकराला असते, म्हणजे हातावर पोट असलेल्या कोणालाही येता येणार नाही अशा बेताने.

मी म्हटलं, हे म्हणजे आपलंच घर, आपलाच दरवाजा, आणि आत जायला शेजाऱ्याकडून किल्ली भाड्याने घ्यायची. लोक हसले. हसले आणि हात वर करून विरुद्ध बाजूला मत दिलं. नळवाला, म्हणजे आमचा नळजोडणी करणारा उपाध्यक्ष, म्हणाला, "तुझं बरोबर आहे. आता अर्ज भर."

चिटणीसपद दादानंतर माझ्याकडे वारशाने आलं. दादाच्या घरातली इतर कोणतीही वस्तू मी मागितली नव्हती, हीपण नाही. खेळत मी नाही. गुडघा दुखतो. ही, म्हणजे माझी बायको, आज जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाली की यांचा गुडघा पायऱ्या चढताना कुठे ठेवून येतात कोण जाणे. वैद्यकीय बाबतीत अडाणी माणसाशी वाद घालू नये.


१० फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज भरला. दुकान बंद करून क्लबात गेलो. (मी चष्मे विकतो. दिवसभर लोकांना "आता दिसतंय का?" एवढंच विचारतो.) ही भिंतीवरच्या फलकाकडे बघून नावं वाचत होती, मी लिहीत होतो. फलक दादाने स्वतः रंगवलाय. काळ्यावर पांढरी अक्षरं, पहिलं नाव अर्थात त्याचं. नवा माणूस आला की नाव खाली चढतं. पुसत काही नाही, ती आमच्याकडे रीत नाही. दर महिन्याला मी नावं मोजतो आणि नेहमी तेवीस भरतात.

तेवीस नावं, तेवीस जणांचं शुल्क. किमान वीस सभासद हवेत, म्हणजे आपण तीनने पुढेच, असं मी हिला जरा ऐटीतच सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती, पण खालून बेकरीवाल्या काकांनी हाळी दिली. सातला खोली रिकामी लागते, त्यांची पिठाची पोती वर येतात. त्या बोलीवर ते भाडं घेत नाहीत. म्हणून रोज टेबल मिटायचं, जाळी काढून डब्यात ठेवायची. दादाने त्याचाही नियम केला होता: शेवटचा सामना जो जिंकेल त्याने दिवा बंद करायचा, जो हरेल त्याने जाळी काढायची. मग ते वहीत लिहायचं. तारीख, कोण, किती, आणि शेवटच्या रकान्यात जाळी कोणी काढली. जगात विजेत्यांच्या याद्या ठेवतात. आम्ही जाळी काढणाऱ्यांची ठेवतो.


२२ फेब्रुवारी, रविवार

महासंघाचं पाकीट आलं. संलग्नता तात्पुरती मंजूर. आत विम्याची तेवीस कार्डं. मी ती वाटायला बसलो आणि सगळ्यात वरचं हातात घेऊन बसूनच राहिलो.

दादाचं होतं.

त्याखाली पोस्टमनचं. त्याखाली गणिताच्या मास्तरांचं. पोस्टमन पाच वर्षांपूर्वी गेले, मास्तर गेल्या हिवाळ्यात. तिघांचाही अपघात विमा उतरवून झालाय, तोही वर्षभराचा. याहून सुरक्षित गिऱ्हाईक कुठल्या कंपनीला मिळणार!

आमच्याखेरीज ही चूक कोणाच्या हातून झाली असती असं वाटत नाही. नावं वाचणारीला कळलं नाही, लिहिणाऱ्याला कळलं नाही, सही करणाऱ्या अध्यक्ष-उपाध्यक्षांना कळलं नाही. ही म्हणाली, "मला कळलं होतं. पण तुम्ही दादांचं नाव इतकं जपून काढत होतात, की माझी जीभ रेटेना." कारण नसताना बायका असं काहीतरी बोलतात. अर्जावर अक्षर चांगलं काढतोच माणूस.

पाकिटात एक पत्रही होतं. ८ मार्चला दुपारी चारला निरीक्षक पडताळणीला येतील, सर्व सभासदांनी जातीने हजर राहावं.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनींपासून ते कार्ड लपवायचं मी ठरवलं होतं. त्यांना त्रास नको. पण त्या दुकानात चष्म्याची दांडी घट्ट करायला आल्या आणि कार्ड काउंटरवरच पडलेलं. उचललं, लांब धरून वाचलं, परत ठेवलं. मी म्हटलं, वहिनी, मन घट्ट करा. त्या म्हणाल्या, "माझं घट्ट आहे. दांडी सैल आहे."

मग म्हणाल्या की हे खोटं पाठवलेलं मागे घ्या, खरी यादी द्या. खोट्या यादीवर मी खेळणार नाही.

मी समजावलं. तीन नावं काढली तर वीस उरतात, आणि वीस चालतात. तर त्यांनी पुस्तिका मागितली आणि नियम सातवर बोट ठेवलं. वीस सभासद नव्हे, वीस *खेळते* सभासद. खेळता म्हणजे गेल्या बारा महिन्यांत ज्याच्या एका तरी सामन्याची क्लबच्या वहीत नोंद आहे असा. मग पुस्तिका मिटून माझ्याकडे बघत राहिल्या.

म्हणजे एकोणीस. एक माणूस कमी. तो कुठून आणायचा हा मोठाच पेच आहे.


२८ फेब्रुवारी, शनिवार

नळवाल्याने तोडगा आणला. त्याचा साडू, त्याचा मेहुणा आणि सोसायटीचा पंपवाला असे तिघे जण त्या दिवशी उभे करायचे. निरीक्षकाला चेहरे थोडेच ठाऊक आहेत? साडू दादाच्या नावाने उभा राहील. "उंचीला सारखाच आहे," नळवाला म्हणाला.

महासंघाची खोड मोडायची म्हणून मला क्षणभर कल्पना आवडली, हे इथे लिहायला हरकत नाही. एवढ्यात वहिनी, ज्या कोपऱ्यात सर्व्हिसचा सराव करत होत्या, चेंडू मुठीत धरून म्हणाल्या, "तुझा साडू माझ्या नवऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणार? आणि मी शेजारी उभी राहून ऐकायचं?"

नळवाला म्हणाला, वहिनी, फक्त पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

"मग घरी पण घेऊन ये पाच मिनिटं. गॅसचा नंबर लावायचाय, त्यांच्याच नावावर आहे."

खोलीत असा हशा बऱ्याच महिन्यांत पिकला नव्हता. साडूचा विषय संपला. दोन जणांनी नवीन सभासद शोधायचं कबूल केलं, पण अडतीस पायऱ्यांना वर्षानुवर्षं जे जमलं नाही ते आठ दिवसांत कसं जमणार?


१ मार्च, रविवार

वही तपासायला घेतली. एकोणिसाच्या एकोणीस जणांच्या नोंदी चोख. मग उगाचच, नियम वाचतोच आहोत तर, माझी शेवटची नोंद कधीची ते बघायला मागे गेलो.

तीन वर्षांपूर्वीची. दादा आणि मी. तीन–दोन, दादा.

तो सामना मला आठवतो. शेवटचा चेंडू तुटक्या कोपऱ्याला लागून खाली गेला. दादा म्हणाला कड लागली, म्हणजे गुण त्याचा; मी म्हटलं बाजूला लागला, म्हणजे माझा. तो म्हणाला, "धाकट्या, नीट बघ." चष्मेवाल्याला नीट बघ म्हणणं हा सरळ अपमान आहे. मी बॅट बाकावर आपटली आणि जिना उतरलो. जाळी तशीच. खालून वर बघितलं तेव्हा खिडकीत दिवा होता. मग विझला. पुढच्या शनिवारी दादा गेला. हृदय. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं, मी विचारलं होतं.

तर त्या दिवशी जाळी दादानेच काढली आणि दिवाही त्यानेच बंद केला. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण वहीत शेवटच्या रकान्यात त्याच्या अक्षरात लिहिलंय: जाळी — धाकटा.

दादाने उभ्या जन्मात खोटी नोंद केली नाही. हिशेबात, परीक्षेत, कुठे नाही. ही एवढी एकच.

वही मिटली. गुडघा आज जास्तच दुखतोय.


५ मार्च, गुरुवार

महासंघाला पत्र टाकलं होतं: तीन नावं चुकीने गेली, ती रद्द करावीत आणि त्यांचं शुल्क परत करावं. तत्परतेने उत्तर आलं. नावं रद्द होतील. शुल्क परत होत नाही, पुढच्या वर्षात वळतंही होत नाही. शिवाय, पडताळणीच्या वेळी क्लबचा नामफलक सुधारित यादीशी जुळता असावा.

म्हणजे गेलेल्यांचे पैसे ठेवणार आणि नावं पुसा म्हणणार! मी उत्तरादाखल आठ पानांचं भाषण लिहून ठेवलं आहे, निरीक्षकासमोर उभं राहून वाचणार. वहिनींच्या भावनांचा प्रश्न आहे. मला स्वतःला त्या फलकाचं काही नाही. लाकडाची फळी आणि रंग. पण भिंतीवरच्या पहिल्या ओळीला कोणी चिंधी लावली तर त्याचा हात पंजासकट महासंघाला परत पाठवीन, शुल्कासारखा ठेवून घेणार नाही.

भाषण हिला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सगळं ठीक आहे. विसावा माणूस कोण?"

मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न असताना आकड्यांत अडकू नये.

"तुमचे कॅनव्हासचे बूट कुठे आहेत?" तिने विचारलं. हिचं डोकं कधी कुठे जाईल सांगता येत नाही. माळ्यावर असतील म्हटलं.


८ मार्च, रविवार

निरीक्षक चारला येणार होते, पाच वाजून दहा मिनिटांनी आले. अडतीसाव्या पायरीवर त्यांचा श्वास संपला होता, म्हणून पहिली दहा मिनिटं अत्यंत सौजन्याची गेली. पन्नाशीचा माणूस, टाय, बगलेत फाइल. यादी हातभर लांब धरून वाचत होते. जवळचा नंबर वाढलेला, किमान पाऊण. जिभेवर आलं होतं, गिळलं.

त्यांनी एकेक नाव पुकारलं. एकोणीस वेळा "हजर" झालं. वही मागितली, पानं उलटली. मग फाइल मिटून म्हणाले, एक कमी आहे. वीसच्या खाली संलग्नता देता येत नाही, मी काही करू शकत नाही, नियम माझे नाहीत. आणि दुसरं, तो फलक. यादीत नसलेली तीन नावं आधी काढावी लागतील.

मी उठलो, खिशातून आठ पानं काढली, घसा साफ केला. वहिनींनी हाताने मला बसवलं. हाताने म्हणजे, खांद्यावर हात ठेवून, बस म्हणतात तसं. मग त्या निरीक्षकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ताठ.

"यादी तुमची आहे, साहेब. ती खरी पाहिजे, आणि ती खरी दिलीय. भिंत आमची आहे. तिच्यावर कोण राहणार ते आम्ही बघू."

निरीक्षक म्हणाले, बाई, पण पत्रात स्पष्ट लिहिलंय—

"लिहू दे. तुम्ही अहवालात लिहा की नाव पुसायला सांगितलं आणि बायको नाही म्हणाली. खाली माझी सही घ्या. पेन माझं आहे."

खालून भट्टीचं झाकण पडल्याचा आवाज आला. निरीक्षकांनी फलकाकडे पाहिलं, बराच वेळ, डोळे बारीक करून. मग फाइलमध्ये काहीतरी खोडलं. म्हणाले, फलक हा मुद्दा मी पाहिलेला नाही. पण विसावा खेळाडू तर मला दिसलाच पाहिजे.

वहिनी वळल्या. पिशवीतून दुसरी बॅट काढली. माझी होती. तीन वर्षांपूर्वी मी बाकावर आपटली ती, तिच्या काठाला चिकटपट्टी लावलेली. दादाशिवाय ती कोणी लावली असेल?

"भाऊजी, बॅट घ्या."

मी म्हटलं, वहिनी, माझा गुडघा. त्या म्हणाल्या, "गुडघ्याने नाही, हाताने खेळायचंय." आणि तेवढ्यात हिने आपल्या पर्समधून माझे कॅनव्हासचे बूट काढून पुढ्यात ठेवले. नाड्या धुतलेल्या. म्हणजे कट दोघींचा, आणि कधीपासूनचा हे आता माझ्या लक्षात येतंय. इतके दिवस घरात विसाव्या माणसाची चौकशी चालली होती आणि मी तत्त्वावर बोलत होतो.

खेळलो. पहिला गेम त्यांनी अकरा–तीनने घेतला, तेही दया येऊन. दुसऱ्यात हात आठवला. तिसरा त्यांचा, चौथा माझा. पाचव्यात नळवाला बाकावर उभा राहिला होता आणि निरीक्षकांनी टाय सैल केला होता. वहिनी खांदा चोळत होत्या, पण एकही चेंडू सोडत नव्हत्या. दहा–नऊ, त्या पुढे. त्यांनी तिरका मारला. चेंडू तुटक्या कोपऱ्याकडे आला, एक बारीकसा आवाज झाला आणि खाली गेला.

निरीक्षक म्हणाले, "बाहेर. दहा–दहा." दूरचाही नंबर असणार; त्यांना टेबल दिसत होतं हेच पुष्कळ.

सगळे माझ्याकडे बघत होते. मीही कोपऱ्याकडे बघत होतो. या खेपेला नीट बघितलं.

"कड लागली," मी म्हटलं. "सामना वहिनींचा."

निरीक्षकांनी वही घेऊन नोंद पाहिली, स्वतःच्या यादीवर वीसचा आकडा घातला, शिक्का मारला. जाताना दारात मला हळूच विचारलं, दुकान किती वाजता उघडतं. दहाला म्हटलं. वहिनींचा अर्ज उद्या जातो.

साडेसहा झाले होते. लोक बडबडत उतरले, ही पण उतरली. वहिनी दिव्याच्या बटणापाशी उभ्या राहिल्या, हात बटणावर, पण बंद करेनात. कशासाठी थांबल्यात ते विचारलं नाही. मी टेबलापाशी गेलो, वाकलो, डावीकडचा स्क्रू सैल केला, मग उजवीकडचा, जो पहिल्यापासून अडतो. जाळीची घडी घातली, डब्यात ठेवली, झाकण दाबलं.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

झालं म्हटलं. त्यांनी दिवा बंद केला.

खाली आल्यावर, बेकरीच्या उजेडात, त्यांनी वही आणि पेन माझ्या हातात दिलं. शेवटचा रकाना रिकामा होता. मी वही उघडली, तीन वर्षं मागे जाऊन ते पान एकदा पाहिलं, आणि आजच्या रकान्यात काही न लिहिता वही मिटून परत दिली.

नोंद आधीच झालेली होती.